शिखराचे अकरा थर

३ मे २०२२, अक्षयतृतीया. रक्कम अडतीस लाख रुपये. हजर होते देवस्थान समितीचे अध्यक्ष, खजिनदार, गावचे गुरव, पाथरवटांचे मिस्त्री, मी आणि माझी बायको. जागा कुरुंद्याच्या पुढच्या एका गावातली, महादेवाच्या पडक्या देवळासमोरची. त्या जागी नवं देऊळ बांधायचं ठरलं. सगळं काळ्या दगडात, जुन्या पद्धतीनं. सिमेंट नाही, चुना नाही, लोखंड नाही. दगडाला खाच, वरच्या दगडाला त्या खाचेत बसणारं कुसू, आणि बाकी सगळं वजनावर. माझी फी पाच टक्के, म्हणजे एक लाख नव्वद हजार. ती चार समान हप्त्यांत मिळायची होती. पहिला पाया झाल्यावर, दुसरा भिंती झाल्यावर, तिसरा मंडपाचं छत झाल्यावर आणि शेवटचा शिखर पूर्ण होऊन कळस चढल्यावर.

मी वास्तुविशारद आहे. गावात मला इंजिनेर म्हणतात, ते दुरुस्त करायचं मी कधीच सोडून दिलं. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी औंढ्याच्या देवळाच्या खालच्या भागाची मापं घेतली होती. टेप दगडाच्या सांध्यावर धरला तेव्हा कळलं की सांध्यात पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही, आणि त्यात भरलेलं काहीच नाही. त्या दिवशी ठरवलं की आपण हे करायचं. हे करायचं म्हणजे काय, तर पायापासून कळसापर्यंत एक तरी देऊळ असंच उभं करायचं.

त्यानंतरची चोवीस वर्षं मी कळमनुरीत, बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून घरांचे नकाशे काढले. दोन खोल्या, जिना बाहेरून, पुढं दोन गाळे. नगरपरिषदेची परवानगी, बँकेच्या कर्जासाठी अंदाजपत्रक. दगडाची कामं या काळात दोनच मिळाली. एक समाधीचा चौथरा, तो झाला. दुसरी एका गावची वेस. तिचे दोन्ही खांब दगडात उभे राहिले आणि वरची तुळई टाकायच्या वेळी सरपंच बदलले. नव्या सरपंचांनी वर सिमेंटची पट्टी टाकून तिला गुलाबी रंग दिला. मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो. पाच किलोमीटरचा फेरा पडतो.

म्हणून हे देऊळ मिळालं तेव्हा मी दुसरी कामं घेणं बंद केलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या पगारावर घर चालेल असा हिशोब आम्ही दोघांनी बसून केला होता. वय एकोणपन्नास. मिस्त्री साठीच्या घरात, त्यांची दोन्ही मुलं टेम्पो चालवतात. छिन्नी हातात धरणारी माणसं आमच्या भागात किती उरली, ती मला माहीत होती. हे देऊळ झालं नाही तर दुसरं होणार नाही, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

गाव चांगलं होतं, हे आधीच सांगतो. प्रत्येक शेतकऱ्यानं विकलेल्या हळदीवर क्विंटलमागे पन्नास रुपये वर्गणी दिली. खजिनदार स्वतः हळदीचे व्यापारी. पैशावाचून काम एक दिवस थांबलं नाही. जुन्या देवळातली पिंड काढून समोर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि पडक्या भिंती उतरवल्या. दीड वर्षात पाया, भिंती, मंडप आणि मंडपाचं छत झालं. गाभाऱ्याचं छतही कोपऱ्यात तिरके दगड टाकत, तोंड लहान करत मिटवलं. त्यावर शिखराचे अकरा थर यायचे होते. जानेवारी २०२४ अखेर तीन थर झाले होते. बाकीच्या आठ थरांचे चौसष्ट दगड खाली घडवून, नंबर टाकून तयार होते.

हे थर बसवतात कसे, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं. बसलेल्या दगडाला वरून गेरू फासायचा. त्यावर नवा दगड ठेवायचा. मग तो उचलायचा. नव्या दगडाला जिथं लाल लागलं तिथं उंचवटा आहे, तो छिन्नीनं काढायचा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. चार-पाच वेळा केल्यावर सगळ्या तोंडाला सारखा लाल रंग लागतो, तेव्हा दगड बसला. हे खालून दोरीनं होत नाही. माणूस तिथं, त्या थरावर उभा लागतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. मी गेलो तर मंडपात सगळी समिती बसली होती.

"महाराजांची तारीख भेटली," अध्यक्ष म्हणाले. "माघातली. सप्ताह बी तवाच लावून टाकू. देव बसवायचा."

मी म्हणालो, "कळस चढायला जून उजाडेल. शिखर झाल्याशिवाय देव बसवू नका."

"कळस मागून चढवू की. काहून घाई करता त्याची?"

"घाई तुमची आहे, अध्यक्ष. देव खाली बसल्यावर त्याच्यावर माणसं चढतील कशी?"

अध्यक्ष गुरवांकडं बघायला लागले, गुरव जमिनीकडं. खजिनदार म्हणाले, "साहेब, पावणे दोन वर्षं झाली. देव पत्र्याखाली बसून राहिला. लेकीच्या सासरचे लोक येतेत अन् हसतेत. म्हणतेत, तुमचा देव भाड्यानं राहतो का? महाराजांची पुढची तारीख तीन वर्षांनी हाय. तीन वर्षं आमी काय तोंड दाखवावं?"

"मग जूनपर्यंत दुसरे कोणी महाराज..."

"आता महाराज बी तुमीच आणा," कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले.

मी पुन्हा सांगितलं. लिहूनही दिलं. अध्यक्षांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देवाचं काम हाय. देव करून घेतो. तुमी जेवून जा."

माघात सात दिवस सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी गावजेवण. पिंड वाजतगाजत गाभाऱ्यात गेली. बायका रडत होत्या. मीही पंक्तीत वाढलं. खरं सांगायचं तर गाभाऱ्यात समईच्या उजेडात ते छत खालून बघताना मला बरं वाटलं होतं.

सप्ताहानंतर पहिल्या दिवशी मिस्त्रींची माणसं आली आणि देवळाबाहेर निंबाखाली बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

त्यांतला एक घडवणारा उठला. "देव बसला साहेब. आता त्याच्या डोक्यावर बूट घालून कोण उभं राहील?"

"बूट काढून चढा."

"पाय तर राहतेतच की."

मिस्त्री मुसलमान. त्यांना मी बाजूला घेतलं. ते म्हणाले, "इंजिनेर साहेब, मैं चढ जाता. पण मी चढलो तर गाव म्हणंल, बघा, याला काय फरक पडतो. अन् कामावरची पोरं चढली तर त्यांना घरचे आत घेणार न्हाईत. तकलीफ दोन्हीकून आपलीच."

त्या संध्याकाळी मंडपात बैठक भरली. मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणालो, "मी हे आधीच सांगितलं होतं." त्याचा कोणालाच राग आला नाही, हे जास्त कठीण होतं. अध्यक्ष म्हणाले, "व्हय, तुमी बराबर सांगितलं होतं. आता तोड सांगा."

मी म्हणालो, "चार महिने पिंड पुन्हा शेडमध्ये नेऊ. देव एकदा हलवला होताच की."

गुरवांनी मान हलवली. "तवा देव पडक्या घरातून निघाला होता. आता नव्या घरातून, भरल्या ताटावरून उठवायचा? अन् महाराजांच्या हातची प्रतिष्ठा?"

"मग वर म्हणजे किती वर, ते तरी ठरवा," मी म्हणालो. "समोरचं घर दोन मजली आहे. त्याच्या गच्चीवर बायका वाळवण घालतात. त्या देवापेक्षा उंच नाहीत का?"

"त्या बाजूला हायेत," एक म्हातारे म्हणाले. "डोक्यावर न्हाईत."

हे मी धरलं. बाजूला चालत असेल तर बाजूला. देवळाला न टेकता चारही अंगांनी बांबूचा माळा उभा करायचा. माणसांनी माळ्यावर उभं राहायचं, हात फक्त आत जातील. पाय देवाच्या डोक्यावर येणार नाहीत. गुरव हो म्हणाले. त्या दिवशी मी कळमनुरीला परत येताना मोटरसायकलवर गाणं म्हणत आलो.

माळ्याला चोवीस हजार लागले, तेही समितीनं दिले. काम अवघड होतं. दीड-दोनशे किलोचा दगड साखळीवर धरून, पोटावर झोपून, हात लांबवून छिन्नी मारायची. तरी चौथा थर बसला. मग पाचवा. दोन थरांना सात आठवडे लागले. मी रोज संध्याकाळी घरी हिशोब मांडायचो की या गतीनं अकरावा थर कधी येतो. दिवाळी यायची. चालेल, म्हणायचो.

मे महिन्यातला सोमवार होता. सकाळी पाणी घालायला बायकांची रांग लागली होती. सहाव्या थराचा पहिला दगड वर घेताना हलला. साखळीवरच्या माणसाचा तोल गेला आणि सावरण्यासाठी त्यानं डावा पाय पुढं टाकला. पाय पाचव्या थरावर, बरोबर मधोमध पडला. दगड वाचला, माणूस वाचला. खाली कोणीतरी ओरडलं, "पाय दिला! पाय दिला!" तांबे तसेच ठेवून बायका बाहेर आल्या. तो माणूस स्वतःच माळ्यावरून उतरला आणि पायरीवर डोकं टेकवून रडायला लागला. त्याला कोणी काही बोललं नाही. एका म्हातारीनं उलट त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी गाभाऱ्याची शुद्धी केली. अकरा ब्राह्मण, अभिषेक, जेवण, दक्षिणा. खर्च चार हजार तीनशे पन्नास. अध्यक्ष संकोचून म्हणाले की हा वर्गणीतून टाकला तर लोक बोलतील. मी म्हणालो, माझ्या शेवटच्या हप्त्यातून वळता करा.

त्यानंतर काम थांबलं ते थांबलंच. मी आठवड्यातून दोनदा गावात जायचो. चहा मिळायचा, खुर्ची मिळायची. विषय काढला की माणसं हळदीवर बोलायची. गुरवांकरवी महाराजांना फोन लावला. चातुर्मासात महाराज भेटत नाहीत, असं त्यांच्या शिष्यानं सांगितलं. पुन्हा लावला. उत्तर आलं की बसवलेला देव उठवू नये. मी समितीला विनवलं. आता लिहायला काही वाटत नाही, मी खजिनदारांच्या दुकानात हळदीच्या पोत्यांमध्ये उभा राहून हात जोडले. म्हणालो, "मला फी नको. मला फक्त हे आठ... आता सहा थर करू द्या."

खजिनदार घाबरले. "अहो साहेब, हात काहून जोडता? बसा. बसा आधी." मग शांतपणे म्हणाले, "औंढ्याचं देऊळ पाहिलंय ना तुमी? आमच्यापेक्षा जास्त पाहिलंय. खाली दगडाचं हाय अन् वर चुन्याचं. शिखर मागून कोणी चुन्यात केलं. मग तिथं देव न्हाई का? माणसं येत न्हाईत का?"

 ज्या देवळावर मी सगळं शिकलो ते वर खरंच तसं आहे. मी मापं खालच्याच भागाची घेतली होती.

घरी मी दुपारचा झोपायला लागलो. कार्यालयाचं कुलूप उघडायचो नाही. बायको एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता म्हणाली, "दोन वर्षांत तुम्ही घरात किती दिले, सांगू?"

"सांग."

"नको. तुम्हाला तोंडपाठ असेल."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पाच थर झाले ना? लोक पाच थर बघतील की."

मी म्हणालो, "पाच थरांना शिखर म्हणत नाहीत. चौथरा म्हणतात." ती वह्या घेऊन आत गेली. माझ्या मनात तेव्हा जे विचार येत होते ते तिला कळले होते, कारण त्या आठवड्यात तिनं रजा टाकली आणि मला एकट्याला घरात राहू दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, कंबर दुखते.

गणपतीच्या आधी अध्यक्ष कळमनुरीला आले, पहिल्यांदाच. बियाण्याच्या दुकानाचा जिना चढून धापा टाकत बसले. म्हणाले, "वारंगा फाट्याला तयार शिखर मिळतंय. सिमेंटचं, आतून पोकळ. क्रेननं उचलायचं अन् वर ठेवायचं. कोणाचा पाय न्हाई, काही न्हाई. पण माप लागतंय. अन् डिझाइन तुमीच पसंत करा. तुमी त्यातले."

मी टेबलावरचे नकाशे गुंडाळायला लागलो. ते म्हणाले, "रागावू नका. देव उघडा दिसतो. बिनटोपीचा."

मी गेलो. फाट्याला रस्त्याच्या कडेला शिखरं ओळीनं मांडलेली होती, टायरच्या दुकानाशेजारी. लहान, मध्यम, मोठी. काहींवर सोनेरी रंग, काहींवर सिंह. दुकानदारानं विचारलं, "सेठ, गाव कोणतं? वजनाची काळजी नको, वारा हलवू शकत न्हाई." मी सर्वांत साधं निवडलं, बिनसिंहाचं. पाचव्या थराचं बाहेरून माप दिलं, चारही बाजू, कर्णासकट. शिखराची खालची कड त्या थरावर टोपणासारखी उतरायला हवी होती. अर्धा इंच जास्त सांगितलं असतं तर ते वाकडं बसलं असतं आणि पहिल्या पावसात गळलं असतं. मी बरोबर माप दिलं. चुकीचं माप मला देता येत नाही.

क्रेन आली त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. शिखर चाळीस मिनिटांत बसलं. फट कुठंच नाही. लोकांनी महादेवाचा जयजयकार केला आणि अध्यक्षांनी मला टॉवेल, टोपी, नारळ दिला. मिस्त्री माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "बैठा तो एकदम बराबर है, साहेब." चेष्टा नव्हती. बसलं होतं ते खरंच बरोबर.

घडवलेले दगड निंबाखाली रचून ठेवले आहेत. नंबर अजून वाचता येतात. संध्याकाळी म्हातारी माणसं त्यांवर बसतात. उंची बसायला चांगली आहे.

मी आता पुन्हा नकाशे काढतो. मागच्या महिन्यात एक बांधकामाचा गुत्तेदार आला. बंगला बांधायचा आहे, पुढून हेमाडपंती लूक पाहिजे म्हणाला. भिंत विटांची आणि वरून दगडासारख्या टाइल्स चिकटवायच्या. मोबाइलवर फोटो दाखवला. मी रेखाटन करून दिलं. सांधे खोटे का होईना, ओळीत यावेत म्हणून दोन दिवस जास्त घेतले. त्यानं ते बघितलं नाही, मजला किती फुटांचा तेवढं विचारलं.

आता शेवटचा हिशोब. तयार शिखर एक लाख शहाऐंशी हजार, क्रेनसह. ते समितीनं दुकानदाराला जागेवरच रोख दिले. माझ्या संपूर्ण फीपेक्षा ते चार हजारांनी कमी होतं. माझा चौथा हप्ता सत्तेचाळीस हजार पाचशेचा. त्यातून शुद्धीचे चार हजार तीनशे पन्नास वजा जाता त्रेचाळीस हजार एकशे पन्नास. समितीनं ते पाकिटात घालून माझ्यापुढं ठेवले, बिनतक्रार. पावतीवर लिहिलं होतं, शिखर पूर्ण केल्याबद्दल. मी सही केली नाही. शिखर मी केलं नव्हतं. न बसलेले दगड घडवल्याची मिस्त्रींची मजुरी एक्कावन्न हजार दोनशे बाकी होती, आणि जे बसलेच नाहीत त्यांचे पैसे वर्गणीतून कसे द्यायचे, यावर समिती अडली होती. मी म्हणालो, हे पाकीट त्यांना द्या, पावती दगड घडवल्याबद्दल करा. खजिनदारांनी नवी पावती लिहिली. मिस्त्रींनी उर्दूत सही केली, मी साक्षीदार म्हणून केली. आठ हजार पन्नास कमी पडत होते. ते दुसऱ्या दिवशी बायकोच्या खात्यातून काढून मी मिस्त्रींना त्यांच्या घरी नेऊन दिले.